मार्ग दाखवणाऱ्याला कोण विचारणार?

मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सध्या एक वाद वारंवार ऐकू येतो: श्रद्धेच्या वाटेवर दुसऱ्याला मार्गदर्शन करण्याचा अधिकार कोणाचा? जालना असो, नांदेड असो वा छत्रपती संभाजीनगरची छावणी असो, दोन्ही बाजूंची वाक्ये ठरलेली आहेत. जुन्या, प्रस्थापित चर्चमधील मंडळी म्हणतात की ज्याने सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या धर्मशिक्षण संस्थेत, रीतसर शिक्षण घेतले आणि ज्याला बिशपांनी दीक्षा दिली, त्यानेच लोकांच्या अंतःकरणाच्या गोष्टींत हात घालावा. पत्र्याच्या शेडमध्ये स्पीकर लावून प्रार्थनासभा घेणाऱ्यांनी या कामापासून दूर राहावे. स्वतंत्र सभांमधील प्रचारक आणि त्यांचे अनुयायी उलट विचारतात की येशूचे शिष्य पेत्र आणि योहान कोणत्या सेमिनरीत गेले होते? पदवीने पवित्र आत्मा मिळतो काय? ज्याच्यावर अभिषेक, म्हणजे पवित्र आत्म्याचा हात, आहे त्याच्याशी देव बोलतो, तेव्हा तो सांगेल तसे वागावे. एक बाजू दुसरीला अडाणी म्हणते, दुसरी पहिलीला मेलेली म्हणते, आणि दोघेही आपापल्या उपासनेला निघून जातात.

हा वाद चुकीच्या जागी घातला जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही पक्ष मार्गदर्शकाकडे काय आहे एवढेच मोजत बसले आहेत. त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे कोणीच विचारत नाही. दुसऱ्याच्या आत्मिक जीवनात बोलण्याचा अधिकार ना प्रमाणपत्राने सिद्ध होतो, ना अभिषेकाच्या दाव्याने. तो दोन गोष्टींनी सिद्ध होतो. मार्ग दाखवणारा स्वतः कोणाला तरी उत्तर देण्यास बांधलेला आहे काय? आणि त्याच्याकडे गेलेला माणूस काही काळाने देवापुढे स्वतःच्या पायांवर अधिक नीट उभा राहू लागतो, की दर अडचणीला त्याच्याच दारात येऊन बसतो? या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील तर पदवीही धोक्याची आहे आणि अभिषेकाचा दावाही तितकाच धोक्याचा आहे.

शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. याकोबाच्या पत्रात स्पष्ट बजावले आहे की तुमच्यापैकी पुष्कळांनी शिक्षक होऊ नये, कारण शिक्षकांचा न्याय अधिक कठोर होईल. सोळाव्या शतकात स्पेनमधील आविलाच्या संत तेरेसांनी स्वतःच्या अनुभवातून लिहून ठेवले आहे की पापांगीकार, म्हणजे पापांची कबुली, ऐकणाऱ्या अर्धवट शिकलेल्या धर्मगुरूंनी त्यांच्या आत्म्याचे मोठे नुकसान केले. प्रार्थनेत ज्यांना विलक्षण अनुभव येत, अशा स्त्रीने भाबड्या भाविकतेपेक्षा विद्वत्तेवर अधिक विश्वास ठेवावा, यात मोठे शहाणपण आहे. आपल्याकडे तर हा प्रश्न जिवावर बेततो. क्षयरोगाचे औषध निदान सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दोन महिन्यांत ताप उतरला, वजन वाढले, म्हणजे प्रभूने बरे केले, आता गोळ्या घेणे हा अविश्वास होईल, असे कोणी सांगितले तर तो रोग औषधाला दाद न देणारा होऊन परततो. रात्र-रात्र जागणाऱ्या, कानात आवाज ऐकू येणाऱ्या तरुणाला दुष्टात्मा लागला म्हणून उपास करायला लावणारा माणूस कितीही कळकळीचा असला तरी तो त्या तरुणाला जिल्हा रुग्णालयापासून दूर ठेवतो. आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते आणि डॉक्टरची कुठे सुरू होते, एवढे कळण्यासाठी तरी शिक्षण हवेच.

पण याच मंडळींना मला विचारावेसे वाटते की तुमचा शिकलेला पाळक शेवटचा केव्हा वाडीवर गेला होता? एका पाळकाकडे सात-आठ गावे, हाताशी एक जुनी मोटारसायकल, महिन्यातून एखादे प्रभुभोजन, आणि उरलेला वेळ चर्चच्या मालमत्तेच्या कोर्टकचेऱ्यांत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांमध्ये ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. दिवाळीच्या सुमारास ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. या सहा महिन्यांत कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, जन्म होतात, मरणे होतात, नवरा-बायकोत बेबनाव होतो, मुकादमाची उचल फिटत नाही. त्या वेळी त्यांच्याजवळ कोण असते? बहुधा त्यांच्याच टोळीतला, चौथीपर्यंत शिकलेला, पण नवा करार मुखोद्गत असलेला कोणी भाऊ असतो, नाहीतर मोबाइलवर लागलेला कोणाचा तरी संदेश असतो. स्वतंत्र सभांनी ही पोकळी भरली, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. शिवाय जुन्या चर्चमध्ये ज्या बायकांना कॉयर आणि साफसफाई यापलीकडे काही काम मिळाले नाही, त्यांना या सभांनी उभे राहून साक्ष द्यायला शिकवले. हे त्यांचे ऋण नाकारून टीका करणाऱ्याला टीकेचा अधिकार उरत नाही.

मग लोक यूट्यूबवरच्या दूरच्या प्रचारकाला फोन का लावतात, आपल्या गावातल्या पाळकाकडे का जात नाहीत? याचे उत्तर चमत्कारांच्या आकर्षणात शोधले जाते, परंतु मला त्याहून साधे कारण दिसते. मराठवाड्यातील खेड्यातली मंडळी म्हणजे जवळजवळ भावकीच असते. पाळकाची बायको आपल्या जावेची मावसबहीण असते, कमिटीचा सेक्रेटरी आपला चुलतसासरा असतो. तिथे मनातली गोष्ट सांगायची म्हणजे ती संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचण्याची तयारी ठेवायची. एका मंडळीत मी स्वतः पाहिले आहे. नवऱ्याच्या दारूविषयी आणि मारहाणीविषयी एका बाईने आठवड्यात एकांतात जे सांगितले, ते रविवारच्या उपासनेत 'प्रार्थनाविषय' म्हणून मंचावरून वाचले गेले. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती, कारण 'आपली एक बहीण, जिचा नवरा ट्रॅक्टरवर आहे' एवढे सर्वांना पुरेसे होते. ती बाई तिसऱ्या ओळीत चटईवर बसली होती. तिने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि आमेन म्हणेपर्यंत मान वर केली नाही. ज्यांनी तो विषय वाचला त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवसानंतर त्या मंडळीतली कुठली बाई आपल्या घरातली गोष्ट त्यांना सांगेल? रोमन कॅथलिक परंपरेत १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने पापांगीकारात ऐकलेले उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करण्याची आणि आयुष्यभर मठात प्रायश्चित्त करायला लावण्याची शिक्षा ठरवली होती. आठशे वर्षांपूर्वी ज्यांना कळले की गुप्ततेशिवाय मार्गदर्शन होऊच शकत नाही, त्यांच्या कित्येक गोष्टी आपण प्रोटेस्टंटांनी सोडल्या, त्यांत ही शिस्तही सोडून दिली, आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. पदवी असलेल्या पाळकाने ही गुप्तता मोडली तर त्याची चौकशी करणारे कोण आहे? आणि अभिषिक्त म्हणवणाऱ्याने मोडली तर?

'प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितले आहे' हे वाक्य आज फार स्वस्त झाले आहे. लग्न कोणाशी करावे, नोकरी सोडावी की धरावी, शेत विकावे की ठेवावे, सोयाबीनचे आलेले पैसे कोणत्या सभेच्या बांधकामाला द्यावेत, सगळ्याला हेच वाक्य लागू पडते. ज्यांना पवित्र शास्त्र तोंडपाठ आहे त्यांनी पहिल्या राजांचा तेरावा अध्याय पुन्हा एकदा शांतपणे वाचावा. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट आज्ञा होती की तिथे काही खाऊ-पिऊ नये. एक वृद्ध संदेष्टा त्याला भेटतो आणि म्हणतो की मीही तुझ्यासारखा संदेष्टा आहे, देवदूताने मला सांगितले की तुला घरी आणून जेवू घालावे. ते खोटे होते. देवाच्या माणसाने स्वतःला मिळालेला शब्द सोडून दुसऱ्याला मिळालेल्या म्हणे शब्दावर विश्वास ठेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारले. वृद्धाचे वय, त्याचे संदेष्टेपण, देवदूताचा हवाला, काहीच त्याच्या उपयोगी पडले नाही. शास्त्राने ही गोष्ट जपून ठेवली ती कशासाठी?

प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्यासाठी हमखास फेकले जाणारे वचन म्हणजे 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका'. ते १०५ व्या स्तोत्रातले आहे, आणि त्याच्या आधीच्या तीन ओळी कोणी वाचून दाखवत नाही. तिथे बोलणे चालले आहे ते अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या लहानशा, उपऱ्या कुळाविषयी, जे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात भटकत होते, आणि ताकीद दिली आहे ती राजांना. दुबळ्यांच्या रक्षणासाठी बलवंतांना दिलेली ही आज्ञा, मंचावर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या रक्षणासाठी चटईवर बसलेल्या बाईला ऐकवली जाते. शास्त्राचा याहून मोठा अनर्थ मला सुचत नाही.

तरीही आज्ञापालनाचा आग्रह धरणाऱ्यांकडे एक वचन आहे ज्याला असे बाजूला सारता येत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा आणि त्यांच्या अधीन असा, असे सांगितले आहे. ज्या काळात प्रत्येक जण आपल्या मनालाच देव समजतो, त्या काळात या वचनाची गरज वाढली आहे, हेही मला पटते. आजाऱ्याला, कर्जबाजाऱ्याला, मूल गमावलेल्या आईला तू स्वतः विचार कर असे सांगणे ही काही वेळा क्रूरता असते. अशा वेळी कोणीतरी हात धरून 'आज एवढे कर' म्हणावे लागते. आणि मराठवाड्यातील मंडळ्यांच्या इतिहासात आज्ञापालनाची सवय उगाच आलेली नाही. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री जालन्यात आले, तिथे त्यांनी मांग-महार समाजातील लोकांमध्ये काम उभे केले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले. पारशी समाजातून आलेले रतनजी नौरोजी यांनी औरंगाबाद परिसरात अनेक वर्षे सेवा केली. गावाच्या वेशीबाहेर ठेवलेली माणसे नव्या विश्वासात आली तेव्हा त्यांना जमीन, विहीर, शाळा, तहसीलदारापुढे उभे राहणारा माणूस, दुष्काळात धान्य, हे सारे त्याच एका दारातून मिळत होते. ज्याने तुम्हाला माणूस म्हणून उभे केले त्याचे म्हणणे ऐकणे हे तेव्हा स्वाभाविक होते, कित्येकदा शहाणपणाचेही होते. मिशनचे साहेब आणि मास्तर मायबाप झाले ते या परिस्थितीतून.

पण परिस्थिती बदलली आणि सवय तशीच राहिली. आज त्या मंडळ्यांतली मुले इंजिनिअर आहेत, नर्स आहेत, पुण्यात नोकरी करतात, पोलिस भरतीचा अभ्यास करतात. तरी साखरपुडा ठरवताना पाळकाचा वा प्रचारकाचा शब्द अखेरचा. आणि इब्री पत्रातले ते वचन तरी आपण पूर्ण वाचतो का? त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे की हे पुढारी हिशेब द्यावयाचा आहे अशा रीतीने तुमच्या जिवांची राखण करतात. आज्ञापालन तिथे हिशेबाला बांधलेले आहे. ज्याने हिशेब देण्याची व्यवस्थाच मोडून टाकली, त्याने अर्धेच वचन घेऊन आज्ञापालन मागावे, हे कोणत्या न्यायाने? पौलाने तर करिंथकरांना लिहिले की आम्ही तुमच्या विश्वासावर धनीपण करत नाही, तुमच्या आनंदात साहाय्य करणारे आहोत. आणि अंत्युखियात पेत्राची चूक दिसली तेव्हा त्याने ती सर्वांदेखत त्याच्या तोंडावर सांगितली. पेत्राचा अभिषेक त्या वेळी आड आला नाही.

या प्रश्नावर मराठी ख्रिस्ती समाजाला दुसरीकडे धडे गिरवण्याची गरज नाही, कारण पंडिता रमाबाईंनी तो सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सोसून सोडवला आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या आत्मिक संगोपनाची जबाबदारी घेतलेल्या सिस्टर जेराल्डिन अत्यंत प्रेमळ होत्या, शिकलेल्या होत्या, मोठ्या परंपरेच्या छायेत होत्या. त्यांना वाटे की नव्याने विश्वासात आलेल्या या हिंदी तरुणीने चर्चची शिकवण मुकाट्याने स्वीकारावी आणि प्रश्न नंतर विचारावेत. रमाबाईंनी १८८५ च्या पत्रव्यवहारात त्यांना निर्धाराने कळवले की मला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाचे जोखड मानेवरून उतरवले आहे, आता तसेच दुसरे चढवून घेण्याची माझी तयारी नाही. त्याच काळात चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र रमाबाईंच्या त्रैक्याविषयीच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीविषयीच्या) शंकांना शंका म्हणूनच उत्तरे दिली, आणि त्यांच्यावर दडपण आणू नये असेच त्यांचे मत होते. दोघींचेही रमाबाईंवर प्रेम होते, दोघींचाही विश्वास खरा होता. फरक एवढाच की एकीला शिष्येचा होकार हवा होता आणि दुसरीला तिची समज हवी होती. रमाबाई पुढे ख्रिस्ताला सोडून गेल्या काय? त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साऱ्या पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि १९२२ साली मरेपर्यंत त्या कामातून उठल्या नाहीत. प्रश्न विचारणारी स्त्री विश्वासापासून दूर जाते, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच इतिहासातले हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे.

उलट दिशेने काय घडते, याचाही दाखला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथून पाच नामवंत प्रचारकांनी एक चळवळ चालवली. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक 'मेंढपाळ' असावा आणि लग्न, नोकरी, घर, पैसा या सर्व बाबतींत त्याच्या अधीन राहावे, अशी तिची शिकवण होती. सुरुवातीचा हेतू चांगला होता: दर आठवड्याला चर्च बदलणाऱ्या, कोणालाच न बांधलेल्या लोकांना शिस्त लावणे. पण मेंढपाळाचा मेंढपाळ, त्याचाही मेंढपाळ, अशी उतरंड तयार झाली आणि तिच्या शिखरावर असलेल्यांना विचारणारे कोणी उरले नाही. घरे मोडली, माणसे खचली, आणि पुढे त्या पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी जाहीरपणे क्षमा मागितली. आपल्याकडच्या काही सभांत आज 'आत्मिक पिता' आणि 'आत्मिक मुले' यांची जी भाषा रुळते आहे, तिची वाट याच गावाला जाते.

मग खऱ्या मार्गदर्शनाचे रूप कसे असते? शमुवेलाच्या गोष्टीतला एली हा काही आदर्श याजक नव्हता. त्याची नजर मंदावली होती, मुले हाताबाहेर गेली होती. तरी देवाची हाक एलीचीच समजून रात्री तीनदा उठून आलेल्या बाळ शमुवेलाला त्याने जे सांगितले त्यात या कामाचे सार आहे. जा, निजून राहा, आणि पुन्हा हाक आली तर म्हण, 'हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे.' देव काय बोलेल हे एलीने सांगितले नाही. त्याने फक्त ऐकायला शिकवले, आणि सकाळी जो संदेश निघाला तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तोही त्याने ऐकून घेतला. इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधनेसाठी जो ग्रंथ लिहिला आणि ज्याला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली, त्यात साधना करवून घेणाऱ्याला ताकीदच आहे की त्याने साधकाला एका निर्णयाकडे ढकलू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यभागी राहावे आणि निर्माणकर्त्याला आपल्या निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा. लोयोला यांनी स्थापन केलेला येशूसंघ (जेझुइट धर्मगुरूंचा संघ) आज्ञापालनासाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्यांनीच हे लिहावे, याला विशेष वजन आहे.

मराठवाड्याच्या मातीतही ही जाण आहे, आणि ती परकी मानण्याचे ख्रिस्ती माणसाला कारण नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी तुकोबांचे ऋण उघडपणे मानले होतेच. तेर गावी गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची पारख केली आणि नामदेवांना कच्चे ठरवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. नामदेव तेव्हा सर्वांत लाडके भक्त होते, विठ्ठल त्यांच्या हातचे जेवत असे. तरी संतांच्या मेळ्यात, सर्वांसमोर, त्यांची पारख झाली, आणि कोणी अभिषिक्त म्हणून त्यांना त्यातून सूट दिली नाही. नामदेवांना राग आला, पण ते औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. विसोबांनी पिंडीवर पाय ठेवलेले होते, आणि देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव म्हणाले. त्यानंतर नामदेव औंढ्याला शिष्य म्हणून मुक्काम ठोकून बसले नाहीत, ते परत पंढरीला गेले. जो पुढे चालता झाला तोच शिष्य खरा शिकला, हे आपल्या आजी-पणज्यांनाही ठाऊक होते.

शेजारच्या वस्तीतला बौद्ध मित्र मला नेहमी विचारतो की 'अत्त दीप भव', म्हणजे स्वतःच स्वतःचा दीप हो, असे वचन असताना मार्गदर्शक लागतोच कशाला? त्याचा प्रश्न आदराने घेतला पाहिजे. ख्रिस्ती उत्तर प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचत रथातून चाललेला कूशी (इथिओपियाचा) अधिकारी सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला म्हणतो की कोणी वाट दाखवल्याशिवाय मला कसे समजेल? वाट दाखवणारा लागतो, कारण माणूस स्वतःला फसवण्यात फार निष्णात असतो. दावीदासारखा राजा संदेष्टा नाथानाने बोट दाखवेपर्यंत स्वतःचे पाप दुसऱ्याच्या गोष्टीत ओळखू शकला नाही. पण त्या अध्यायाचा शेवटही वाचावा. बाप्तिस्मा होताच आत्म्याने फिलिप्पाला तिथून नेले, अधिकाऱ्याला तो पुन्हा दिसला नाही, आणि अधिकारी आनंद करत आपल्या वाटेने गेला. टिळकांचीही गोष्ट अशीच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांच्याशी कवितेविषयी, श्रद्धेविषयी बोलून नवा करार हाती दिला, प्रार्थनापूर्वक वाचायला सांगितले, आणि तो उतरून गेला.  १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा त्यानंतर काही वर्षांनी झाला, तोही त्यांची त्यांना खात्री पटल्यावर. नवरा कवी आणि उपदेशक असूनही त्यांच्या श्रद्धेचा निर्णय त्यांनीच घेतला.

अंबड तालुक्यातल्या एका वस्तीवर मी एका वयस्क बाईंना हे काम करताना पाहिले आहे. त्यांना पदवी नाही आणि अभिषेकाचा दावाही त्या करत नाहीत. गावात त्यांना सगळे मावशी म्हणतात. कापूस वेचून आल्यावर हातपाय धुऊन त्या ओट्यावर बसतात, आणि कोणी सून, कोणी पोरगी येऊन बसते. मावशी आधी बराच वेळ ऐकतात. मग एखादे स्तोत्र काढून तिलाच वाचायला लावतात आणि विचारतात, यातली कोणती ओळ तुला टोचली? उत्तर काही आले तरी त्या लगेच बोलत नाहीत. दवाखान्याचे काम असेल तर दवाखान्यात जा म्हणतात, मारहाण असेल तर पोलिस पाटलाकडे बरोबर जातात. त्यांनी काय ऐकले हे त्यांच्या लेकींनाही कळत नाही. पण त्यांना चुकले तर कोण सांगणार, त्यांचे मन भरून आले तर त्यांनी कोणाकडे जायचे, हा विचार त्यांच्या मंडळीने कधी केलेला नाही, आणि तिथेच मला काळजी वाटते. चांगली माणसेही एकटी सोडली की थकतात, आणि थकलेला मार्गदर्शक हळूहळू ऐकणे सोडून सांगू लागतो.

यावर उपाय नवा शोधावा लागणार नाही. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये चर्चच्या इमारतीचे कर्ज फेडायचे म्हणून मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या मंडळीने बारा-बारा जणांचे गट पाडले आणि एकेका गटप्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरवले. घरोघर फिरताना त्या प्रमुखांना लोकांची खरी स्थिती कळू लागली, आणि पैशाचा गट आत्म्याच्या चौकशीचा गट झाला. हे प्रमुख दीक्षित पाळक नव्हते. त्यांत कारागीर होते, स्त्रियाही होत्या. पण १७४३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक प्रमुखाने दर आठवड्याला पाळकाला भेटून कोण आजारी आहे, कोण भरकटते आहे, हे सांगावयाचे असे. साधी माणसे, खरे काम, आणि ठरलेली उत्तरदायित्वाची भेट. शिकलेला पाळक आणि न शिकलेली मावशी यांच्यात निवड करायची नसून त्यांना एकमेकांशी बांधायचे आहे, हे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे घडवून दाखवलेले आहे. त्या रचनेत मला एकच भर घालावीशी वाटते: भेटीत कामाचा हिशेब द्यावा, ऐकलेली गुपिते द्यायची नाहीत.

१९७० साली नागपुरात उत्तर भारताचे चर्च एकत्र आले तेव्हा वेगवेगळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी आपापले हट्ट बाजूला ठेवले होते. तेवढ्या मोठ्या गोष्टीची इथे गरज नाही. या वर्षीच्या पॅस्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) बैठकीत, आणि स्वतंत्र सभांच्या वडिलांच्या बैठकीतही, काही साधे ठराव करता येतील. एकांतात ऐकलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय प्रार्थनाविषय म्हणून मंचावर येणार नाही. मार्गदर्शन करणाऱ्या प्रत्येकाने, पाळक असो वा प्रचारक वा मावशी, आपल्या भावकीबाहेरचा एक अनुभवी माणूस निवडावा आणि महिन्यातून एकदा त्याच्यापुढे बसावे. बायकांसाठी तो माणूस बाईच असावी. औषध बंद करायला कोणी सांगणार नाही. आणि तक्रार करायची झाली तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच हातात पडू नये म्हणून, शेजारच्या मंडळीतली तीन माणसे आधीच नेमून ठेवावीत, त्यांत निदान दोन स्त्रिया असाव्यात. हे सारे दिवाळीच्या आत व्हावे, कारण त्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात, आणि ज्या भावाला कोपीवर लोकांना धीर द्यायचा आहे त्याला जाण्यापूर्वी माहीत असायला हवे की त्याने स्वतः अडल्यावर कोणाचा नंबर फिरवायचा.